टिचबटणांचा घागरा

पुणे,
९ जून २०२४

सौ. निता वहिनीस,
राखीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू म्हणशील, या पोट्टीले फोन करायले काय झालं. पण फोन केला की लखनदादा स्पीकर लावते, आई कामं टाकून जवळ येऊन बसते, बाबा ओसरीवरून कान देते, अन् आपलं बोलणं पाणी पडलं का अन् जेवली का इथंच संपते. शिवाय सोबत जे कागद पाठवून राह्यली ते फोनातून येत नाहीत.

नाशिकचं द्राक्षाचं काम सोडलं. त्या थंड खोलीत बोटं अशी बधिर व्हायची की स्वतःचं नाक खाजवलं तरी दुसऱ्याचं वाटे. मधात एका नर्सरीत गुलाबाले पाणी घातलं, तिथं मालकीण लय कटकटी. आता ड्रेपरीत आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाले, शाळेच्या गॅदरिंगले कपडे भाड्यानं देणारं दुकान. एका फळीवर राजे, एका फळीवर संत, खाली पोत्यात दाढ्या. एका ऋषीची दाढी उंदरानं खाल्ली तर मास्तरनं त्याले जवान ऋषी करून पाठवलं. मास्तरचं नाव हेमसिंग. मी काजं करते, बटणं लावते, अन् बोलणी खाते.

हे सांगायचं नव्हतंच, भरकटली. तू मागच्या पत्रात गावातल्या मोतीबाईचं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं अन् मग वाचवलं नाही. गेल्या दिवाळीले मळणीच्या मशीननं, हडंब्यानं, तिचा पदर ओढला अन् पदरासंगं तिले. तू लिहिलं की दसऱ्याले दादाचा हडंबा पुन्हा वावरोवावरी फिरेल, त्याच्या तोंडाशी सोयाबीन लोटायले तुलेच उभं राहा लागेल, अन् आतापासूनच झोपेत तू पदर खोचत असते. ते माह्या डोक्यातून जात नाही.

तर ऐक. इथं एका कॉलेजचं इंग्रजी नाटक आहे, सव्वाशे वर्षांमागचं, तिकडं एडवर्ड राजा होता तेव्हाचं. त्यायनं फोटो आणून दिले. बायांचे घागरे जमीन झाडत चाललेले. सायकलच्या साखळीत अडकायचे, कारखान्यात अडकायचे. कारंज्याचा कापूस तिकडं जायचा म्हणतात, म्हणजे अडकणारं कापडही आपलंच असेल! मग काही बायांनी घागरा मधातून दुभागला. उभी राहिली की घागरा, चालली की पायजमा. पुढून-मागून एक पल्ला, बटणांनी लावायचा, काढायचा. लोक रस्त्यात हसायचे, पोरं चिखल फेकायचे म्हणे. तरी घातले.

त्याचं माप मी वर्तमानपत्रावर कापून पाठवते. बटणाच्या जागी टिचबटण लाव. आमच्या इथं राजाचा भिकारी दोन मिनिटांत करा लागते, म्हणून सगळं टिचबटणावर. ओढलं की सुटते. एका सेनापतीचं भर दरबारात सुटलं होतं, ते पुढच्या पत्रात.

आईले दाखवू नको. दाखवलं तर मी पाठवलं म्हणू नको.

कळावं. जीव लावते तसाच लावत राहा.

तुझी,
राखी

---

शिरपूर जैन,
२१ जुलै २०२४

राखीबाई यांस,
निताचा नमस्कार वि. वि.

कागद पोचले. तुमी पाठवलं म्हणून सांगू नको लिहिलं, पण पाकिटावर तुमचंच अक्षर, कोंबडीनं उकरल्यावानी. पोस्टमननं ते आत्याबाईच्या, म्हणजे तुमच्या आईच्याच हातात दिलं. त्यायनं कागद उजेडात धरून पाह्यला अन् म्हणे का हे कोणाच्या चड्डीचं माप आहे, एवढं मोठं बूड आपल्या घरात तं कोणाचंच नाई.

मी दोन जुन्या साड्याचा शिवला. पह्यला उलटा झाला, दोन्ही पाय एकाच बाजूनं. दुसरा जमला. वरतून तुमच्या भावाचा फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत, बाह्या आवळून, डोक्याले दुपट्टा गच्च. घरातच फिरून पाह्यलं. राखीबाई, लग्न झाल्यापासून मी पह्यल्यांदा उंबरठा असा ओलांडला का हातानं काही उचलून धरलं नाई. हात रिकामे कुठं ठेवावं तेच समजे ना.

आत्याबाई बोलल्या तं नाई, पण भाकर थापता थापता सगळं बोलून झालं. त्यायचं म्हणणं का बाईची लाज पदरात राह्यते. मी म्हटलं, मोतीबाईचीही राह्यली. त्यायनं तव्यावरची भाकर उलटली. मंग म्हणे का तुले जे घालायचं ते घाल, पण तुह्या सासऱ्याच्या नजरेले हे दोन पाय पडता कामा नाई. मेल्यावर पडले तं चालतील.

तुमच्या भावाले सांगतलं. ते म्हणे का हडंबा माझा आहे, कायले भेव. पण बाबाले तूच सांग. म्हणजे सांगणारं कोणीच नाई.

देवलाची बायको अन् गोविंदाच्या दोघी बहिणी मले शिवून मागतात. त्यायनं नाव ठेवलं राणीची चड्डी. टिचबटणं इथं भेटतात ते बारीक, झबल्याचे. ओढल्यावर सुटतील पण नुसतं वाकल्यावरही सुटतात. काय करू ते कळवा.

बाकी क्षेम. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
निता

---

सांगली,
८ सप्टेंबर २०२४

सौ. निता वहिनीस,
राखीचा सा. न. वि. वि.

पत्ता बदलला म्हणून घाबरू नको. नाटकवाल्यायसंगं कपड्याच्या पेट्या घेऊन फिरून राह्यली. दिवसा इस्त्री, रात्री पेटीवरच झोप. काल कृष्णेच्या घाटावर गेली होती, तिथं एक म्हातारी कासोटा घालून धुणं धूत होती, कमरेइतक्या पाण्यात. मले आपली आजी आठवली. आजी नऊवारीचा कासोटा मारून झाडावर चढायची, बोरं पाडायची! म्हणजे दुभागलेला घागरा आपल्या घरात होताच की. आईच्या पिढीनं गोल पाचवारी घेतली ती शिकल्या-सवरल्यावानी दिसावं म्हणून. आता तिले सांग, ही विलायती चड्डी नाही, तुह्या सासूचा कासोटा आहे. झोडपेल ती तुले, पण सांग.

मात्र त्या घाटावर बसून एक गोष्ट समजली. आजीचे पाय मोकळे होते, पदर होताच. घोटाळा खाली नाही वहिनी, वर आहे. मोतीबाईचे पाय नाही अडकले. म्हणून शर्टाच्या वरतून काहीही घेऊ नको. ओढणी नाही, शेला नाही. आईनं म्हटलं तरी नाही.

बाबाचं म्हणशील तर ते सोपं आहे. बाबा खाकरल्याशिवाय कुठंच येत नाहीत. घरात बाया असतात म्हणून आपल्याच अंगणात चोरावानी खाकरत येतात. लहानपणी मी अन् दादा पैज लावायचो, बाबा दारात किती खाकरतील. खाकरणं ऐकलं की गंजीमागं जा, साडी गुंडाळ, मग ये. मोठी टिचबटणं सोबत आहेत, कोटाची. वाकल्यावर सुटायची नाहीत, हिसक्यानं सुटतील.

त्या सेनापतीचं राहिलंच. राहू दे.

कळावं. रागावली तरी पत्र टाक, अबोला पोस्टात जात नाही.

तुझी,
राखी

---

शिरपूर जैन,
१९ ऑक्टोबर २०२४

राखीबाई यांस,
निताचा नमस्कार वि. वि.

हंगाम लागला. सोयाबीन सोंगून झाली, हडंबा दिवसभर धडधडून राह्यला. रात्री गादीवर पडल्यावरही कानात तेच. हात खरबडून गेले, म्हणून अक्षर आज तुमच्यावानी.

आमी चौघी राणीच्या चड्डीत. पह्यल्या दिवशी रस्त्यानं चाललो तं टपरीवरच्या गणेशनं इचारलं का क्रिकेटची टीम कुठं चालली. देवलाच्या बायकोनं त्याले सांगतलं का तुह्या बापाच्या वावरात, चेंडू आणायले ये. मंग दुसऱ्या दिवसापासून कोणी बोललं नाई. पायात फासा नाई, खांद्यावरून काही घसरत नाई, ध्यान सगळं हातावर. यायनंही, तुमच्या भावानं, कबूल केलं का काम लवकर उरकून राह्यलं.

आत्याबाई संगं येतात. मी म्हटलं, तुमी घरी राहा, गुडघे दुखतात. त्या म्हणे का या पोरीयले एकटं सोडलं तं उद्या ह्या बिड्या ओढतील. त्या साडीतच असतात, पट्ट्याकडच्या बाजूनं दाणे सावडतात. ट्रॅक्टरवरून हडंब्याले जो पट्टा जाते, त्याले झाकण नाई, घेतला तवापासून नाई. मी त्यायले रोज तिकडून उठवते, त्या रोज तिथंच बसतात, सावली तिथं पडते म्हणून.

मामाजीनं, तुमच्या बाबानं, अजून पाह्यलं नाई. ते वावरात येतात तवा हडंबा बंद असते, जेवायच्या वक्ताले. खाकरणं ऐकू आलं का आमी चौघी गंजीमागं उंदरावानी पळतो. देवलाची बायको साडी गुंडाळता गुंडाळता हसून हसून लोळते. पण राखीबाई, मले हसू येत नाई. मी कोणतं पाप करून लपून राह्यली, हे मलेच समजे ना. या हंगामानंतर मामाजीले तोंडावर सांगणार आहे. सोबत उभं राहायले तुमी आल्या तं बरं होईल.

बाकी क्षेम. माया आटू देऊ नका.

तुमची,
निता

---

पुणे,
१ डिसेंबर २०२४

सौ. निता वहिनीस,
राखीचा सा. न. वि. वि.

अकोल्याच्या दवाखान्यातून निघताना तुले सांगून नाही निघाली. तू आईले पेज भरवत होती. आईनं माह्याकडं पाह्यलं अन् तोंड भिंतीकडं केलं, मग मले तिथं थांबवलं नाही. गाडीत बसली तर समोरच्या बाईच्या दोन्ही हातांत बांगड्या. वाशिम येईस्तोवर मी नुसते हातच पाहत होती, कोणाले किती आहेत.

डॉक्टरनं आईचा हात खांद्याजवळून काढला तेव्हा मी दवाखान्यात होती, पण खरं सांगू, काय झालं ते मले अजून कोणी सांगितलंच नाही. दादा म्हणते पदर अडकला. गणेश म्हणते पदर अडकला. तू मान खाली घालून तेच. आई गेली वीस वर्षं पदर खोचून काम करते, वहिनी. तिचा पदर असा कधी सुटत नाही. लग्नात नाचली तरी सुटत नाही.

अन् बाबा. दवाखान्याच्या बाकावर ते माह्याजवळ येऊन बसले. मी घर सोडल्यापासून ते माह्याशी बोलले नव्हते, मले वाटलं आता बोलतील. ते म्हणे, मी खाकरलो होतो. मी इचारलं कधी, कुठं. ते उठून पाणी प्यायले, परत आले, अन् पुन्हा तेच. चहा आणून दिला तरी तेच. दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकाले पण त्यायनं तेच सांगितलं. तो बिचारा म्हणे, बाबा, औषध घ्या खोकल्याचं.

गावात म्हणतात, राखीनं शहरातून चड्डी पाठवली अन् घराले नाट लागला. दादानं सांगितलं की बाबानं चारही घागरे चुलीत घातले. मी त्याबद्दल भांडत नाही. पण आई तर साडीत होती ना? मग हे कसं?

मले खरं लिही. जे असेल ते.

कळावं. लोभ मागायची हिंमत नाही, उरला असेल तर ठेव.

तुझी,
राखी

---

शिरपूर जैन,
१५ डिसेंबर २०२४

राखीबाई यांस,
निताचा नमस्कार वि. वि.

आत्याबाईनं मले त्यायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायले लावली होती का हे कोणाले सांगू नको. पण कागदावर लिहू नको असं त्या म्हटल्या नाई. देव असेल तं समजून घेईल.

त्या दिवशी मामाजी जेवायच्या वक्ताले नाई आले, मधातच आले. कारंज्याचा व्यापारी वावर पाहाले येणार होता, ते सांगायले. हडंबा चालू होता. राखीबाई, हडंब्याच्या धडधडीत माणूस कानाशी ओरडला तरी नुसतं तोंड हालताना दिसते. ते खाकरलेच असतील. जन्मभर खाकरत आले, त्या दिवशी काहून नाई खाकरणार? पण कोणाले ऐकू आलं नाई. माझी पाठ होती. मी तोंडाशी उभी, एक पाय फळीवर, सोयाबीन लोटून राह्यली होती.

आत्याबाईनं पाह्यलं. त्या दाणे सावडत होत्या त्या उठल्या, अन् मामाजीच्या अन् माह्या मधात येऊन उभ्या राह्यल्या. पदर सोडला अन् दोन्ही हातानं पसरून धरला, माह्या पायावर आडोसा. बाळंतिणीले धरतात तसा. मी वळून पाह्यलं तं मले फक्त लाल पदर दिसला, वाऱ्यानं फुगलेला, अन् त्यातून त्यायचा चेहरा. रागाचा नव्हता. गडबडीचा होता, पाहुणे दारात आले अन् घर झाडायचं राह्यलं असा. पट्टा त्यायच्या मागं. वारा तिकडूनच वळला.

पदर उजव्या हाताले गुंडाळून धरला होता, पक्का, सुटू नाई म्हणून. हातच सोबत गेला. यायनं ट्रॅक्टर बंद केला. बंद झाल्यावर जे ऐकू आलं ते मी लिहीत नाई.

माझे टिचबटणं सगळे जागच्या जागी होते.

वावरातून उचलून नेताना आत्याबाई शुद्धीवर होत्या. त्यायनं मले एकच सांगतलं, का साडी गुंडाळ, तुहे सासरे पाहून राह्यले. अन् अकोल्याले ती शपथ. मामाजीले समजू नाई का आडोसा त्यायच्याच नजरेसाठी धरला. समजलं तं ते अन्न सोडतील म्हणतात. म्हणून आमी सगळे म्हणतो, पदर अडकला. खोटं तं नाई.

घागरे जळले तवा मी चुलीजवळ उभी होती. तुमचे कागद मात्र ट्रंकेत आहेत, यायच्या लग्नाच्या कोटात.

हरभऱ्याले हडंबा पुन्हा निघेल. बाया साडीतच येतील. मी काय घालू, ते मले कोणी इचारू नाई, एवढंच मागते.

बाकी क्षेम लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. तुमी जीव खाऊ नका.

तुमची,
निता

---

पुणे,
१२ जानेवारी २०२५

सौ. निता वहिनीस,
राखीचा सा. न. वि. वि.

किती दिवस झाले कागद समोर घेते अन् इकडचंतिकडचं लिहून फाडते. मास्तरचं, दाढ्यांचं, नव्या नाटकाचं. आज तेही सुचत नाही.

एकच इचारते. आई साडी कशी नेसते? निऱ्या घालायले दोन हात लागतात. मी इथं एक हात पाठीमागं बांधून पाह्यलं. निऱ्या बोटात धरल्या तर खोचता येत नाही, खोचायले गेली तर सुटतात. मास्तरनं इचारलं कोणत्या नाटकाचं आहे हे.

कोटाची टिचबटणं आणखी पाठवते, सगळ्यात मोठी. एका अंगठ्यानं दाबली की लागतात. मी करून पाह्यली, डाव्या हाताच्या. तू तिले दाखवू नको. नुसती ट्रंकेत ठेव.

कळावं. आईले माझा नमस्कार सांगू नको, फक्त पायाशी बसशील तेव्हा माह्या वाटचं थोडं बस.

तुझी,
राखी

---

शिरपूर जैन,
२३ फेब्रुवारी २०२५

राखीबाई यांस,
निताचा नमस्कार वि. वि.

तुमी इचारलं ते सांगते. साडी मीच नेसवत होती. रोज सकाळी त्या आढ्याकडं पाहत उभ्या राह्यत अन् मी निऱ्या घालू. एका सकाळी त्यायनं मले खोलीबाहेर काढलं, कडी लावली. भाकरी झाल्या, गाय सुटली, तरी दार उघडे ना. उघडलं तवा साडी कमरेले नुसती गुंडाळलेली, टोक दातात. दातातून टोक सोडवून मले म्हणे का थे तुही इंग्रजी भानगड कुठं आहे, का सगळंच जाळलं म्हाताऱ्यानं.

त्यायच्याच जुन्या साडीचा शिवला. ती लाल नाई, दुसरी. वरतून मामाजीचा शर्ट.

त्याच्या आधी एक झालं, ते तुमाले समजलं पाह्यजे. हरभऱ्यासाठी यायनं हडंबा अंगणात काढला, पट्ट्याले पत्र्याचं झाकण ठोकलं. ठोकून झाल्यावर मामाजी म्हणे, चालू कर. रिकामाच. यायनं केला. मंग मामाजी चालत फाटकापर्यंत गेले, जेवढं लांब त्या दिवशी उभे होते तेवढे, अन् आमच्याकडं तोंड करून उभे राह्यले. त्यायचा हात तोंडाशी गेलेला दिसला, खांदे हालले. थोडं पुढं आले, पुन्हा. आणखी पुढं आले, पुन्हा. पार हडंब्याजवळ येऊन खाकरले अन् यायच्या तोंडाकडं पाहत राह्यले. यायनं मान हालवली, नाई म्हणून. मामाजीनं स्वतः जाऊन ट्रॅक्टर बंद केला. मंग तिथंच मातीत बसले. कोणी त्यायले काही सांगतलं नाई राखीबाई, आता सांगायचं राह्यलंही नाई. अन्न नाई सोडलं. जेवतात, पण ताटाकडं पाहत नाई.

आता मी वावरात घागऱ्यातच उभी राह्यते. एकटी. बाकीच्या तिघीले घरून मनाई आहे. मामाजी आले का बांधावर थांबतात अन् हडंब्याकडं पाठ करतात. व्यापाऱ्याशीही तसंच बोलतात, तोंड रस्त्याकडं. लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं सुनेकडं पाठ फिरवली. म्हणू देत. मले काम करायले तेवढी पाठ पुरते.

काल आत्याबाईनं पह्यल्यांदा स्वतःच्या हातानं घातला. मले आत बसू दिलं, पण हात लावू दिला नाई. पल्ला मांडीवर घेतला अन् डाव्या अंगठ्यानं एकेक दाबत गेल्या. टिच. मंग दम खाऊन पुन्हा टिच. शेवटचं लागलं तशा उठल्या, भिंत धरून दोन पावलं चालल्या, अन् खाली वाकून आपल्याच पायाकडं पाहत राह्यल्या, दुसऱ्या कोणाचे असल्यावानी.

तेवढ्यात अंगणात मामाजी खाकरले.

राखीबाई, आत्याबाईचा उजवा खांदा वर गेला. पदर घ्यायले. रिकामी बाही हालली. पदर नव्हता, अन् घेणारा हातही नव्हता, पण खांदा वर गेला तो खाली येईच ना. माझा हात पुढं झाला होता, त्यायच्या डोक्यावर काही टाकावं म्हणून. मी तो मागं घेतला.

दाराच्या फटीतून मामाजीची पाठ दिसली. ते रस्त्याकडं तोंड करून उभे होते. तिकडंच पाहत त्यायनं मोठ्यानं इचारलं का आत ऐकू आलं का.

मामाजी पुन्हा खाकरले.

दिवा लावायची वेळ झाली, म्हणून इथं थांबते. दार उघडंच आहे, याल तवा न खाकरता या.

तुमची,
निता